गुब्बी की गूबी

सोलापूरच्या माणसाला सलग दहा झाडं दिसली की तो त्याला जंगल म्हणतो आणि खाली बसून डबा उघडतो. मी मूळची माढ्याकडची. आमच्याकडं तर पाच झाडांतच काम भागायचं. त्यामुळं लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी सासरे एका रविवारी म्हणाले, "चल, तुला डोंगर दाखवतो. जंगल हाय तिथं," तेव्हा मी फार काही मनावर घेतलं नाही. शेंगाचटणी आणि भाकरी बांधून घेतली, आणि चपला घालून निघाले.

सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणायचो. मार्केट यार्डात त्यांचं भुसार मालाचं दुकान. ते त्यांनी मुलाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, हाती सोपवलं आणि त्याच महिन्यात डॉक्टरांनी त्यांना साखर आहे, रोज चाला, असं सांगितलं. अप्पांचं म्हणणं, काम नसताना चालतो तो येडा. मग कुणीतरी त्यांच्या हातात जुनी दुर्बीण दिली आणि चालायला काम मिळालं. सासूबाईंचे गुडघे गेलेले, नवरा दुकानात. मी शाळेत मराठी शिकवायचे, मला रविवारी सुट्टी. अशा रीतीनं मी पक्षीनिरीक्षक झाले. यात माझी आवड कुणी विचारली नव्हती.

तुळजापूर, धाराशिव मागं टाकलं की बालाघाटाची रांग लागते आणि तिच्यात ते अभयारण्य आहे. पुण्याकडचे लोक तिथं येतात, गळ्यात कॅमेरे अडकवून उभे राहतात आणि म्हणतात, "हे एवढंच?" एकदा एकजण अप्पांच्या समोरच म्हणाला, की याला जंगल म्हणत नाहीत, झुडपं म्हणतात. अप्पांनी त्याला विचारलं, "तुम्ही ज्वारी खाता का?" तो म्हणाला, नाही. "मग तुम्हाला न्हाई कळायचं," अप्पा म्हणाले आणि पुढं चालायला लागले. मला वाटलं आता काहीतरी समजावून सांगतील. काही नाही. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

पण चालता चालता मला मात्र सांगायचे. त्या एका डोंगरात तीन वेगळी गावं आहेत म्हणायचे. माथा सपाट, मुरमाड, दिवाळीनंतर पिवळ्या गवताचा. तिथं चंडोल, लावे, तित्तर, जमिनीवर संसार करणारी मंडळी. उतारावर धावडा, सालई, खैर, पळस. तिथं सातभाईंची भांडणं, कोतवालाची दादागिरी, सुताराची ठोकाठोक. आणि खाली घळ. घळीत ओढा, उंबर, करंज, भर उन्हाळ्यातही अंगाला गार लागणारी सावली. वरच्या गावातला पक्षी खाली यायचा नाही, खालचा वर जायचा नाही. चंडोलाला घळीत नेऊन ठेवला तर तो उपाशी मरेल, असं अप्पा म्हणायचे. मी म्हटलं, "अप्पा, मलाही माढ्याहून कानडी घरात आणून ठेवलीच की." त्यावर ते म्हणाले, "तू कुटं उपाशी हायस?"

पक्ष्यांचे रंग ते धान्यात सांगायचे. माणूस जन्मभर ज्या रंगांत हात घालून बसला त्याच रंगांत बघणार. चंडोल म्हणजे खपली गहू. तित्तर म्हणजे मटकीत उडीद मिसळलेला. पावसाळ्यात घळीत नवरंग येतो. त्याची शीळ दोन सुरांची, ऐकली की दोघंही जागच्या जागी थांबायचो. पहिल्यांदा तो पाचोळ्यात उड्या मारताना दिसला तेव्हा अप्पा हळू आवाजात म्हणाले, "पाठ मुगाची. छाती हरभरा डाळीची. शेपटाखाली मसूर." मी विचारलं, "आणि पंखावर निळं आहे ते?" त्यांनी पुन्हा दुर्बीण लावली. मग म्हणाले, "निळ्यात माल येत न्हाई." त्यानंतर कुठल्याही पक्ष्यात निळं दिसलं की ते माझ्याकडं बघायचे आणि मी "निळा" असं म्हणायचे. तेवढं खातं माझ्याकडं होतं.

घरी मात्र आमचं असं बोलणं व्हायचं नाही. घरात सगळा व्यवहार कानडीत. अप्पा आणि अव्वा, म्हणजे सासूबाई, एकमेकांशी कानडी, मुलांशी कानडी, देवाशीसुद्धा कानडी. माझ्याशी मराठी. तीस वर्षांत माझी कानडी जेवण झालं का, चहा ठेव, पाहुणे आले, एवढ्यावर येऊन थांबली. एक गोष्ट तेवढी पक्की कळायची. माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं की कानडीचा वेग वाढायचा. पुढं अव्वा गेल्या. मग तर डोंगरावरचे रविवार सोडले तर अप्पांना बोलायला कुणी उरलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. नवरा चांगला आहे, पण त्याच्याशी तुरीच्या भावाशिवाय काही बोलता येत नाही.

आमचं एकच काम अर्धवट राहिलं होतं. घळीच्या वरच्या अंगाला खडकाचा उभा कडा आहे. थंडीत सांज झाली की तिथून आवाज यायचा, खोल, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. बू-हूऽ. शृंगी घुबड. जोडी होती. दर हिवाळ्यात ऐकायचो, दिसायचं मात्र कधी नाही. "पुढच्या साली," असं म्हणत अप्पा गाडीत बसायचे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. मराठी गेली, कानडी गेली, आकडे गेले. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा ते नुसते बघायचे. मी मराठीत बोलायचे, नवरा कानडीत बोलायचा, ते दोघांकडंही सारखंच बघायचे. मला रडायला यायचं आणि मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायचे. आमच्याकडं भांड्याला बाई आहे. ती म्हणाली, वहिनी, माझं काम जाईल की.

मग एका सकाळी मी त्यांच्या खोलीत केर काढत होते, तर मागून आवाज आला. "गु...बी."

मी केरसुणी टाकून धावत बाहेर गेले. "अहो, बोलले! अप्पा बोलले!" नवरा दाढी करत होता, तसाच फेस घेऊन आला. अप्पांनी पुन्हा म्हटलं. "गु...बी." नवऱ्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा अप्पांकडं. आणि घाईनं म्हणाला, "गुब्बी म्हणतायत. गुब्बी म्हणजे चिमणी. चिमण्या पाहिजेत त्यांना."

डॉक्टर म्हणाले, हा शब्द धरून ठेवा. तो पकडूनच दुसरे येतील. हाही गेला तर मग अवघड आहे. त्या दिवसापासून आमच्या घराचं एकच काम झालं. होटगीला नणंद असते, तिला फोन केला. "अगं, अप्पा गुबी गुबी म्हणतायत," मी सांगितलं. तिनं शब्द दोनदा विचारून घेतला. मग म्हणाली, "वहिनी, दादाला फोन दे की." दोघं भावंडं बराच वेळ कानडीत बोलली, चांगल्या वेगात. फोन ठेवून नवरा म्हणाला, "तीपण म्हणते, चिमणीच."

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं चिमण्यांसाठी लाकडी घरटी आणली. या माणसानं माझ्यासाठी कधी गजरा आणला नाही, पण घरटी आणली. गॅलरीत टांगली. मी परातीत बाजरी ठेवली, मातीच्या भांड्यात पाणी ठेवलं. सोलापुरातली सगळी कबुतरं आली. गॅलरीची अशी अवस्था झाली की खालच्या मजल्यावरच्या बाई, ज्या तेलुगूशिवाय सहसा काही बोलत नाहीत, त्या वर येऊन मला शुद्ध मराठीत बोलल्या.

आणि अप्पा रोज म्हणायचे. मी औषध घेऊन आले की "गु...बी." चादर झटकायला आले की "गु...बी." दारावरून नुसती गेले तरी. मी म्हणायचे, "हो अप्पा, येतील की, येतील," आणि बाहेर जाऊन परातीत अजून बाजरी टाकायचे. ते डाव्या हातानं गादीवर थापट्या मारायचे. मला वाटायचं, चिमणी येत नाही म्हणून चिडलेत.

शेवटी एक आली. काळ्या गळपट्ट्याचा चिमणा, अगदी रुबाबात, परातीच्या काठावर बसला. मी अप्पांची चाकाची खुर्ची ढकलत गॅलरीच्या दारात नेली. "बघा अप्पा! गुब्बी!" अप्पांनी चिमण्याकडं बघितलं. दुकानात कुणी भेसळीचा माल दाखवायला आणला तर ते असंच बघायचे. मग त्यांनी मान फिरवली आणि डोळे मिटून घेतले. मला इतकं वाईट वाटलं की मी त्या चिमण्याला हाकलून दिलं. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

संक्रांत झाली आणि शब्द कमी व्हायला लागला. दिवसातून अनेकदा यायचा तो एखाद्या वेळी यायला लागला. मी घाबरले. हा एवढा एक धागा उरला होता आणि तोही सुटत होता. मी ठरवलं, आता नीट ऐकायचं. माझं आयुष्य पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारण्यात गेलंय. "फुल" लिहिलं की मी लाल गोल करते आणि पोरगं म्हणतं, बाई, वाचताना तर तसंच वाचतात की. तर मी त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन बसले. बऱ्याच वेळानं शब्द आला. ऊ दीर्घ होता. आणि ब एकच होता, जोडाक्षर नव्हतं.

नवरा जेवत होता. मी समोर जाऊन उभी राहिले. "अहो, गुब्बी म्हणजे चिमणी. बरोबर. आणि गूबी? ग ला दीर्घ ऊकार, एक ब. गूबी म्हणजे काय?"

त्याचा घास हातातच राहिला. "घुबड," तो म्हणाला. खूप हळू.

"अगं बाई!" मी मटकन खाली बसले. "घुबड! कड्यातलं घुबड! आणि आपण तीन महिने त्यांना चिमण्या दाखवतोय!"

"तसलं काही नसेल गं," तो म्हणाला. "आजारी माणसासमोर घुबडाचं नाव कशाला? अपशकुन आहे तो. अव्वा असती तर..."

"अव्वा असत्या तर त्यांनीच गाडी काढायला लावली असती. रविवारी जायचं."

तो ताट तसंच ठेवून उठला. मला वाटलं, अपशकुनाला घाबरला. नणंदेचा फोन आला, "वहिनी, डोकं ठिकाणावर हाय का? या अवस्थेत अप्पांना डोंगरावर?" मी म्हटलं, "हाय. तू भाकरी दे बांधून." तिनं दिली नाही.

रविवारी दुपारी निघालो. नवरा गाडी चालवत होता. शेतांत ज्वारी काढणीला आली होती. भोरड्यांचे थवेच्या थवे कणसांवर उतरत होते, गुलाबी-काळे. पोरं गोफणी घेऊन ओरडत होती. मी मागं अप्पांशेजारी बसून सगळं सांगत होते, भोरड्या बघा, तारेवर नीळकंठ बघा, निळा. ते खिडकीतून बाहेर बघत नव्हते. माझ्याकडंच बघत होते.

फाटकावरच्या वनरक्षकानं अप्पांना ओळखलं. खिडकीत वाकून म्हणाला, "अप्पा, ह्ये काय करून घेतलं वो?" अंधार पडायच्या आत बाहेर निघायचं असतं, पण तो म्हणाला, "मी हाय की संगं, काळजी करू नका," आणि पुढच्या सीटवर बसून आमच्यासोबत आला. गाडी थेट घळीच्या कडेपर्यंत गेली. पळस फुलले होते. उतार इतका लाल झाला होता की मी मसूर म्हणणार होते, मग नाही म्हटलं.

खुर्ची उतरवली, अप्पांना बसवलं, शाल गुंडाळली, तोंड कड्याकडं केलं. ऊन उतरत गेलं. सातभाई झोपायच्या जागेवरून नेहमीसारखे भांडले आणि एकाच फांदीवर चिकटून बसले. एक मोर जड पंखांनी धावड्यावर चढला. खाली घळीत सावली भरत गेली. माथ्यावर टिटवी ओरडली, तसा नवरा दचकला. मी हात जोडून मनात म्हणत होते, आज बोल बाबा. रोज बोलतोस, आज नाटकं करू नको.

आणि बोललं. बू-हूऽ.

मागोमाग पलीकडून दुसऱ्याचं उत्तर आलं. मी दुर्बीण लावून कडा शोधायला लागले आणि दिसलं हो! इतक्या वर्षांत पहिल्यांदा! कपारीच्या तोंडाशी, केवढं मोठं, शिंगं ताठ, नारिंगी डोळे सरळ आमच्याकडं. "गूबी!" मी ओरडलेच. "अप्पा, गूबी! दिसली!" मी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली.

त्यांनी डाव्या हातानं दुर्बीण बाजूला सारली. मी परत लावली. त्यांनी परत सारली, जोरात. कड्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं, ओढलं आणि माझ्या तोंडाकडं बघून स्वच्छ म्हणाले, "गूबी."

"हो अप्पा, तीच की. तिकडं बघा ना."

"गूबी," ते म्हणाले आणि पुन्हा ओढणी ओढली.

मागून विचित्र आवाज आला. वळून बघते तर नवरा गाडीला टेकून उभा, आणि तो हसतोय का रडतोय ते कळेना. वनरक्षक त्याच्याकडं बघतोय.

"अगं, ते घुबडाला नाही म्हणत," नवरा म्हणाला.

"मग कुणाला?"

"तुला."

मी दुर्बीण खाली घेतली.

"लग्न झाल्यापासून. अव्वा आणि अप्पा. तुझ्याबद्दल बोलायचं असलं की गूबी म्हणायचे. गूबी आली का, गूबी जेवली का, गूबी आज चिडलीय. लग्नात तू अजिबात हसली नाहीस, नुसते डोळे मोठे करून सगळ्यांकडं बघत होतीस, म्हणून. लई प्रेमानं म्हणायचे गं, देवाशप्पथ."

"आणि तुम्हाला माहीत होतं? पहिल्या दिवसापासून?"

"तीस वर्षं लपवलेलं, एकदम कसं सांगू? तू मला घरात राहू दिलं असतंस का?" तो म्हणाला. "म्हटलं, चिमणी म्हणावं, निभावून जाईल."

मला राग आला. असा राग आला की घुबड उडून गेलं असतं. कानडीत गूबी नुसतं घुबड नसतं, मूर्ख माणसालाही म्हणतात, हे मला नंतर कळलं, ते बरंच झालं. मी तोंड उघडलं, नवऱ्याला तीस वर्षांचं सगळं एकदम ऐकवायला, आणि उघडलेलं तोंड तसंच राहिलं. कारण मग माझ्या डोक्यात ते शिरलं. हा माणूस तीन महिने मला हाक मारत होता. एकच शब्द उरला होता, तो माझं नाव होता. आणि हाक मारली की मी दर वेळी "येतील, येतील" म्हणून त्यांच्याकडं पाठ फिरवून गॅलरीत जात होते. कबुतरांना बाजरी घालायला.

मी खुर्चीसमोर आले. अप्पा वाट बघत होते. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा वैतागून, "गूबी."

"ओ," मी म्हटलं.

त्यांनी ओढणी सोडली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा सैल पडला. ओठ बराच वेळ हलत राहिले, काही निघेना. मग शेजारच्या दगडावर डाव्या हातानं थापटी मारली आणि म्हणाले, "बा. कूड."

ये. बस. एवढी कानडी मला येते. मी बसले.